रक्तातला विळा : सिकलसेल आणि शेवटी पोचणारे तंत्रज्ञान

सिकलसेल या आजाराचे कारण विज्ञानाला १९४९ साली कळले, आणि तेही अगदी रेणूच्या पातळीवर कळले. मधुमेह, दमा किंवा संधिवात यांच्याविषयी त्या काळच्या डॉक्टरांना जेवढे ठाऊक होते, त्याच्या कितीतरी पुढचे हे ज्ञान होते. त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. या काळात तपासणी आली, प्रतिबंधक गोळ्या आल्या, झटके कमी करणारे औषध आले आणि अखेर जनुकात बदल करणारा उपचारही आला. तरीही अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातल्या, गडचिरोलीच्या जंगलातल्या आणि अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या रुग्णांना यातल्या एकेका गोष्टीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. काही गोष्टींसाठी ते अजून थांबलेले आहेत. हे थांबणे कशामुळे घडते, ते समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

मी डॉक्टर नाही. धुळ्यात औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. बिलांवरची औषधांची नावे वाचता वाचता कुतूहल जागे झाले. मग वैद्यकीय नियतकालिकांतले लेख शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागलो, ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले, नंदुरबार जिल्ह्यातल्या काही गावांत आशाताईंबरोबर हिंडलो. माल कुठून निघाला, वाटेत कुठे अडला आणि गिऱ्हाइकापर्यंत कधी पोचला, हे पाहणे हिशेबनिसाचे काम असते. या आजाराकडेही मी त्याच सवयीने पाहत आलो आहे.

आजार नेमका काय आहे

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या, गोल आणि लवचीक असतात. केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांतून त्या अंग दुमडून पलीकडे जातात. त्यांच्या आत हिमोग्लोबिन हे प्रथिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या प्रथिनाच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी एक चूक असते. तिथे ग्लुटामिक आम्ल हवे, त्याऐवजी व्हॅलीन बसलेले असते. चूक एवढीच. पण तिच्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

वाकडी पेशी बारीक वाहिनीत अडकते. तिच्यामागे दुसरी अडकते. पलीकडच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हाडे, सांधे, पोट, छाती, कुठेही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी असते आणि डोळे पिवळसर दिसतात. जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे साधा न्यूमोनिया बाळाच्या जिवावर उठतो. मेंदूची वाहिनी तुंबली तर सात-आठ वर्षांच्या मुलालाही पक्षाघात होतो.

आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले, तर ते वाहक होते. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते.

हे सदोष जनुक टिकले तरी का? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून याचे उत्तर दिले. वाहकाला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने मुले मरत होती, तिथे वाहक मुले तगली आणि जनुक पुढे गेले. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि भारताचा जंगलपट्टा असा या आजाराचा नकाशा आहे. तो कातडीच्या रंगाचा किंवा जातीचा नकाशा नाही, डासांचा आहे. पण ज्या समाजांच्या वाट्याला हा आजार आला, त्यांचे स्थान सत्तेच्या आणि पैशाच्या नकाशावर कुठे होते, यावर पुढचे सगळे ठरले.

शिकागो, नीलगिरी, नागपूर

१९०४ साली वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोला आला आणि आजारी पडला. रुग्णालयातले शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराची सुरुवात इथून होते. नोएल शिक्षण पुरे करून ग्रेनाडाला परतला, तिथे त्याने दंतवैद्यकाचा व्यवसाय केला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. तेव्हा त्याचे वय बत्तीस होते.

१९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी एक बारीक गोष्ट टिपली. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारशा दिसत नाहीत, त्या काही महिन्यांनी वाढतात. बाळ पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. ते बाळाला या आजारापासून वाचवत असावे, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क पुढे फार मोठा ठरला. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच रासायनिकदृष्ट्या वेगळे आहे. ‘रेणूचा आजार’ ही कल्पना वैद्यकात या निबंधाने रुजवली.

भारतात हे जनुक असल्याचे १९५२ मध्ये समजले. हरमन लेहमन आणि मेरी कटबुश यांना ते नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडले. महाराष्ट्राचा संबंध फार मागे नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षे तपासण्या केल्या. त्यांच्या कामाला २०१९ मध्ये पद्मश्रीची पावती मिळाली. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान, कोरकू या जमातींत, तसेच विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही हे जनुक आढळते. सिकलसेल ‘आदिवासींचा आजार’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडच्या आदिवासी नसलेल्या घरांत निदान उशिरा होते, हा या ओळखीचा एक तोटा.

म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्याकडचा सिकलसेल जगापुढे मांडला, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. ज्ञान इथे होते. पुढे काय झाले?

मोजणी आधी पोचली

याचे उत्तर शोधताना अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण तिथल्या नोंदी सविस्तर आहेत आणि तिथेही हा आजार एका वंचित अल्पसंख्याक समाजाचा आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हे जनुक तिकडे गेले.

१९७० मध्ये डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक साधा हिशेब मांडला. १९६७ साली देशात सिकलसेलचे अंदाजे ११५५ नवे रुग्ण जन्मले आणि सिस्टिक फायब्रोसिसचे १२०६. हा दुसरा आजारही आनुवंशिक आहे आणि मुख्यतः गोऱ्यांत आढळतो. संख्या जवळजवळ सारखी. पण स्वयंसेवी संस्थांनी सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर जमवले, तर सिकलसेलसाठी एक लाखही जमले नाहीत. पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी हीच तुलना पुन्हा केली. आता सिकलसेलचे रुग्ण सुमारे तिप्पट होते. तरी सरकारी संशोधन निधी दरडोई पाहिला, तर सिस्टिक फायब्रोसिसला तिपटीहून अधिक मिळत होता. खाजगी देणग्यांतली तफावत तर याहून कितीतरी मोठी होती.

स्कॉट यांच्या लेखानंतर हालचाल झाली. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यांमध्ये मोफत तपासणी सुरू केली. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रण कायद्यावर सही केली. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची तपासणी सक्तीची करणारे कायदे केले. पण तपासणीनंतर द्यायला हातात औषध नव्हते, आणि रुग्ण व वाहक यांतला फरक समजावून सांगायला माणसे नव्हती. परिणाम असा झाला, की ज्यांना काहीही आजार नव्हता अशा वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला जाऊ लागला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश दिला नाही. चाचणी स्वस्त होती, ती लवकर पोचली आणि तिने माणसांवर शिक्का मारला.

या इतिहासात मला एक क्रम दिसतो. वंचित समाजापर्यंत मोजणारे तंत्रज्ञान आधी पोचते आणि उपचार करणारे तंत्रज्ञान मागून येते. मोजणी सरकारला सोपी जाते, कारण शिबिर घेता येते आणि आकडा जाहीर करता येतो. उपचारासाठी मात्र दर महिन्याला, आयुष्यभर, त्याच माणसाच्या दाराशी जावे लागते.

दोन गोळ्या आणि एक यंत्र

१९८६ मध्ये डॉ. मेरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिकलसेल असलेल्या २१५ लहान मुलांपैकी काहींना दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी आणि इतरांना औषध नसलेली तशीच गोळी दिली. पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांत गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता, की प्रयोग मुदतीआधी आठ महिने थांबवून सगळ्यांनाच पेनिसिलिन सुरू केले गेले. पेनिसिलिन काही नवे औषध नव्हते, तेव्हाही ते चाळीस वर्षांचे जुने होते. नवी होती ती एक अट. बाळाला आजार आहे हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळायला हवे, म्हणजेच जन्मताच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी व्हायला हवी. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत ती सुरू व्हायला २००६ उजाडले. इंग्लंडमध्येही साधारण तेव्हाच ती देशभर झाली.

आपल्याकडे गावपातळीवर जी चाचणी सर्रास होते, ती विद्राव्यता चाचणी. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ झाले आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. ही चाचणी काही रुपयांत होते. पण रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावरची दुसरी तपासणी लागते. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही चाचणी भरवशाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलेच हिमोग्लोबिन भरपूर असते. म्हणजे पेनिसिलिनने ज्या बाळाचा जीव वाचू शकतो, नेमके तेच बाळ या स्वस्त चाचणीतून निसटते. नवजात बालकांच्या तपासणीचे प्रयोग नागपुरात झाले, गुजरात-ओडिशातही झाले. पण रोजच्या आरोग्यसेवेचा भाग म्हणून, प्रत्येक प्रसूतीनंतर होणारी तपासणी दुर्गम भागांत अजून रुजलेली नाही.

तिसरी गोष्ट पक्षाघाताची. डोक्यावर कानशिलाजवळ सोनोग्राफीसारखे उपकरण ठेवून मेंदूच्या वाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर असेल, तर त्या मुलाला पक्षाघाताचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिले, तर धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. सुई नाही, वेदना नाही, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. तरी खुद्द अमेरिकेत, तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, ज्यांची ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी अशा मुलांपैकी निम्म्यांचीही होत नव्हती. यंत्र शहरात असणे आणि तपासणी मुलापर्यंत पोचणे यांत केवढे अंतर असते, ते श्रीमंत देशातल्या या आकड्यातून कळते. मग सातपुड्यातल्या मुलाची गोष्ट वेगळी सांगायला नको.

कॅन्सरच्या कपाटातले औषध

आमच्या दुकानात हायड्रॉक्सियुरिया हे औषध कॅन्सरच्या कपाटात असे. रक्ताच्या काही कर्करोगांत ते वापरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ सिकलसेल रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे दिसले. १९९८ मध्ये तिथे सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. हे औषध शरीरात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार करायला लावते. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये टिपले होते तेच.

माझ्या आठवणीत कितीतरी वर्षे नंदुरबारकडच्या मागणीपत्रांत हे नाव नसे. लोहाच्या गोळ्या जात, फॉलिक आम्ल जाई, वेदनाशामके भरपूर जात. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते, पण ते लोहाच्या अभावाने नव्हे. पेशी फुटून लोह अंगातच राहते, वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर ते साचते. तरी ‘रक्त कमी आहे’ म्हटले की आधी लोहाची गोळी दिली जाई. एक कॅप्सूल साधारण चहाच्या कपाच्या किमतीची, देशात तयार होणारी आणि तरी पोचत नसलेली, असे का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला.

त्याची कारणे मी जमवत गेलो. पहिले कारण भीतीचे. औषध कर्करोगाचे असल्यामुळे लहान दवाखान्यातला डॉक्टर ते लिहायला कचरतो. दुसरे कारण रक्ततपासणीचे. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने पेशींची मोजणी करावी लागते. ती मोजणारे यंत्र, त्याची रसायने, वीज आणि तंत्रज्ञ हे चौघे एकाच दिवशी हजर नसतील, तर औषध सुरूच होत नाही. तिसरे कारण एका समजुतीचे. भारतातला आणि पूर्व अरबस्तानातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असे १९७०-८०च्या दशकांतल्या अभ्यासांवरून मानले गेले. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते, हे खरेच आहे. पण मध्य भारतातल्या डॉक्टरांनी पुढे दाखवले, की इथेही तीव्र आजार असलेली मुले पुष्कळ आहेत. सरासरी सौम्य असली, तरी ज्याला झटका येतो त्याची वेदना सौम्य नसते.

या अडचणींवर उत्तरही इथूनच निघाले. नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजाराच्या मुलांना वजनाच्या किलोमागे दहा मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस देऊन पाहिला. झटके आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही कमी झाली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोस कमी, म्हणून धोका कमी, म्हणून देखरेखही सोपी. दुर्गम भागासाठी लागते तसे हे संशोधन आहे. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही हे औषध सुरक्षित ठरले. तिथे हिवतापाचे प्रमाणही कमी झाल्याचे दिसले.

अठरा कोटींचा इलाज

२०२३च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर आधारलेला जगातला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. रुग्णाच्या मूळपेशी काढायच्या, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारा जनुकीय खटका प्रयोगशाळेत निकामी करायचा, तीव्र केमोथेरपीने रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकी मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग बारा महिने तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

हा शोध मोठाच आहे. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत महिन्याआड रुग्णालयात पडून राहिलेल्या माणसाला तो नवे आयुष्य देतो. पण हिशेबनीस म्हणून मला एक भागाकार केल्यावाचून राहवले नाही. हायड्रॉक्सियुरियाचा खर्च माणशी दिवसाला वीस रुपये धरला, तर १८ कोटींत २४ हजारांहून अधिक रुग्णांना वर्षभर औषध मिळते. असा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही, हे मलाही कळते. तरी किमतीचे प्रमाण डोळ्यांसमोर असावे.

भारतातही यावर काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ त्याला ‘बिरसा १०१’ असे नाव दिले आहे. तो परवडणाऱ्या किमतीत यावा, असा उद्देश आहे. तसे झाले तर उत्तमच. पण त्यासाठी मज्जा प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालय, निर्जंतुक खोली आणि महिनोन्‌महिने मुक्काम लागेल. जो रुग्ण पेशी मोजायला ग्रामीण रुग्णालयात पोचू शकत नाही, तो तिथे कसा पोचेल?

आपल्याकडची वही

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. २०२५च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासणी याआधी झालेली नव्हती. दुर्लक्षित माणसांची निदान नोंद तरी झाली, याचे मोल मी कमी लेखणार नाही. हायड्रॉक्सियुरिया खालच्या केंद्रांपर्यंत नेण्याचेही मोहिमेत ठरले आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हीसुद्धा पुढची पायरी. मात्र त्याच कायद्यातल्या नोकरीच्या राखीव जागांत रक्ताचे आजार धरलेले नाहीत.

काळजी वाटते ती क्रमाची. तपासणी झाली की कार्ड मिळते. लग्नाआधी कुंडलीऐवजी कार्ड जुळवा, असा प्रचार होतो. यात शास्त्र आहे, पण जिथे समजावून सांगणारे कोणी नसते तिथे वाहक मुलगी ‘आजारी’ ठरते. एका गावात आशाताई मला म्हणाल्या, “भाऊ, मुलाचं कार्ड पेटीत राहतं, मुलीचं कार्ड गावभर फिरतं.” अमेरिकेत १९७०च्या दशकात जे झाले, ते इथे वेगळ्या रूपात होऊ शकते.

दुसरी काळजी सल्ल्याची. रुग्णाला सांगतात, पाणी भरपूर प्या, थंडी-उन्हात फिरू नका, अतिश्रम टाळा, ताप आला की लगेच दवाखाना गाठा. सल्ला अगदी बरोबर आहे, कारण पाणी कमी पडणे, थंडी आणि थकवा यांमुळेच पेशी वाकतात. पण सातपुड्यातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात. पहाटेच्या थंडीत फडात उभे राहायचे, दिवसभर मोळ्या वाहायच्या, पाणी मिळेल तेव्हा प्यायचे. सल्ल्यातले एकही वाक्य त्यांना पाळता येत नाही. कार्ड गावच्या उपकेंद्राचे, औषध गावच्या यादीवर आणि माणूस सहा महिने परराज्यात. औषधाचा पुरवठा माणसाबरोबर चालत गेला पाहिजे. याला महागडे तंत्रज्ञान लागत नाही. नंदुरबारचे कार्ड दाखवून सुरतेच्या सरकारी दवाखान्यात कॅप्सूल मिळाली तर पुरे.

इतकी वर्षे वाचून आणि पाहून माझ्या लक्षात आले ते असे, की तंत्रज्ञान ही एकटी वस्तू नसते, ती साखळी असते. कॅप्सूलच्या मागे पेशी मोजणारे यंत्र असते, यंत्रामागे वीज आणि तंत्रज्ञ, तंत्रज्ञामागे रस्ता आणि पगार. वंचित समाजाच्या वाट्याला साखळीतली एखादी कडी येते, बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दिखाऊ. मग ‘सुविधा आहे, पण लोकच येत नाहीत’ असे म्हणायला आपण मोकळे होतो.

मोहिमेचा पुढचा अहवाल येईल तेव्हा किती तपासण्या झाल्या हा आकडा ठळक अक्षरांत असेलच. त्याच्या शेजारी मला आणखी तीन आकडे वाचायचे आहेत. या वर्षी जन्मलेल्या किती बाळांचे निदान तीन महिन्यांच्या आत होऊन त्यांना पेनिसिलिन सुरू झाले? सापडलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांना हायड्रॉक्सियुरिया हवे, अशा किती जणांना ते सलग बारा महिने मिळाले? आणि स्थलांतराच्या काळात त्यांतल्या किती जणांचे औषध तुटले नाही? हे तीन आकडे तालुकावार छापून येऊ लागले, तर पुढच्या शिबिरात आशाताईंना कार्डाबरोबर औषधाची तारीखही सांगता येईल.